याकूबभाई आणि बावीस खेळाडू
याकूबभाई पेंटर कुठलीही वस्तू आधी डोळ्यांनी बघत नसत. डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवत आणि मग बोलत. आमच्या वसतिगृहात ते पहिल्यांदा आले, तेव्हा व्हरांड्यातल्या मोडक्या टेबलावरून त्यांनी असाच हात फिरवला. म्हणाले, "मार लय खाल्ला यानं, मॅडम. पन लाकूड इमानदार आहे."

जळगाव जामोदच्या मुलींच्या वसतिगृहाची मी तेव्हा अधीक्षिका होते. गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली ते वर्ष. दिवाळीला घरी गेलेल्या मुली गप्प होऊन परतल्या होत्या. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीने आपलं वापरलेलं फुटबॉलचं टेबल आम्हाला पाठवलं. लोखंडी दांड्यांना बोटभर उंचीचे बावीस खेळाडू अडकवलेले; दांडी फिरवली की खेळाडू चेंडूला लाथ मारतो. पण कडांचे टवके उडालेले, हिरव्या मैदानावर ओरखडे, खेळाडूंचे चेहरे पार पुसलेले. मुली म्हणाल्या, "आपल्याले भंगारच काऊन देतात?" याकूबभाईंना मी बोलावलं ते या प्रश्नामुळे.

आठवडाभर ते राबले. टवक्यांत पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासली आणि चार केसांच्या कुंचल्याने तिच्यावर लाकडाच्या रेषा ओढल्या. मूळ रेषा जिथे तुटली होती, तिथूनच त्यांची रेषा पुढे निघाली. दुसऱ्या दिवशी मी टवक्याची जागा बोटाने शोधत राहिले. सापडली नाही.

मग खेळाडूंची पाळी आली. नववीतल्या वंदनाने विचारलं, "चाचा, सारे बापेच काऊन? बाया नाही खेळत काय?"

जन्मभर याकूबभाईंनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, चेहरा कधी काढला नव्हता. "मी अक्षरवाला मानूस, बेटा," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. "पन डोये म्हंजे दोन अनुस्वारच. अन् वेणी म्हंजे लांब ओढलेला उकार." बावीस खेळाडूंना बावीस वेण्या आल्या. एकीचाही चेहरा दुसरीसारखा नव्हता.

शनिवारी कंपनीचे पाहुणे येणार होते. शुक्रवारी याकूबभाईंचा तळहात टेबलाच्या एका पायावर थांबला. आत उभी चीर होती. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिव म्हणाले, "पुट्टी भरून रंग मारा. फोटोत कुठं दिसते?"

"हा डाग नाही, साहेब. हे दुखनं आहे," याकूबभाई म्हणाले. "दुखन्यावर मी रंग नाही लावत. सुतार बोलवा, पाय बदला. मंग रंगवतो."

"दुसरा पेंटर मिळेल आम्हाला."

याकूबभाईंनी शांतपणे कुंचले पुसायला घेतले. मी गप्प राहिले, याची मला आजही लाज वाटते.

चहा घेऊन मी त्यांच्यामागे लिंबाखाली गेले. एवढं काय बिघडलं असतं, असं विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बियान्याच्या जाहिराती लिव्हल्या म्या गावोगावच्या भिंतीवर. 'अळीची चिंता सोडा.' हातभर अक्षर, लांबून वाचता येईन असं. यंदा एक बाई घरी आली. पदरातून बोंडं काढली अन् माह्यासमोर फोडली. आत गुलाबी अळ्या वळवळत होत्या. म्हने, भाऊ, तुमचं अक्षर पाहून भरोसा ठेवला. मले तोंड वर करवलं नाही. दुसऱ्या दिवशी सायकलले चुन्याची बादली बांधली अन् अकरा गावातली माही अक्षरं मीच पुसली. जाहिरातीच्या ठेकेदारानं माहं काम बंद केलं. करू दे."

मी उठले आणि सचिवांना सांगितलं, पाय बदलल्याशिवाय टेबलाला कुणी रंग लावणार नाही. शनिवारी पाहुण्यांनी चिरलेला पाय काढून आडवं ठेवलेलं, तीन पायांचं टेबल पाहिलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सोमवारी सुतार आला, बुधवारी रंग वाळला आणि पहिल्याच सामन्यात मुलींनी याकूबभाईंना दहा-शून्य हरवलं. कित्येक दिवसांनी व्हरांडा हसला.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. वसतिगृहाची नवी पाटी लिहा म्हणून मी घरी गेले, तर म्हणाले, "रेघ वाकडी जाईन. पोरी रोज वाचतीन ते." गौतम नावाच्या पेंटरचं नाव त्यांनीच सुचवलं. दोघांमध्ये वर्षानुवर्षांची चुरस होती, हे मला नंतर कळलं.

गौतम शिडीवर चढला तेव्हा याकूबभाई खाली उन्हात उभे होते. शेवटचं अक्षर होईपर्यंत हलले नाहीत. त्यानंतर चार महिन्यांनी ते वारले. माझी त्यांची शेवटची भेट तीच. त्या दिवशी पाटी पुरी करून गौतम खाली उतरला. त्याचा रंगाने माखलेला हात याकूबभाईंनी आपल्या थरथरत्या हातात धरला आणि सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माह्यापेक्षा साजरं लिव्हलं बे तू."