सुलभाच्या हातातली मोजपट्टी

ओवी, कबीर —

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि त्यांच्यापासून मला मधुमेहात चोरून खाल्लेला पेढासुद्धा कधी लपवता आला नाही.

गेल्या महिन्यात कबीरने तो व्हिडिओ पाठवला. ‘आजी, तू फेमस झालीस!’ आणि खाली आठ लाल बदाम. त्या बदामांनी मला अगदी वैताग आणला आहे. मराठीतून लिहिते आहे, सावकाश वाचा. इंग्रजीत लिहायला बसले की माझा हात फार सफाईने चालतो, आणि सगळा घोटाळा त्या सफाईनेच केला आहे.

व्हिडिओत बोलते ती सुलभा. गोळाफेकीत देशासाठी पदकं आणलेली. डावा हात कोपराखाली नाही. शहराबाहेर वाडीला गोदामं असलेल्या एका पाइप कंपनीने तिला ॲम्बॅसडर केलं आहे. मुलांनी मैदानावर यावं म्हणून ती शाळाशाळांतून बोलते. तिचं ते गाजलेलं इंग्रजी वाक्य तुम्ही ऐकलंत — ‘माझ्या बाईंनी माझ्या हातात मोजपट्टी दिली आणि मी किती लांब जाऊ शकते ते मला दाखवलं.’ मग कॅमेरा पहिल्या रांगेकडे वळतो. तिथे मी. मान डोलावते आहे! सदर भागात बँकेत जाताना त्याच वाक्याचा कंपनीचा फलक लागतो. मी दर वेळी रिक्षात दुसरीकडे बघते.

ते वाक्य सुलभाचं नाही. माझं आहे.

क्रमाने सांगते — तेवढी एकच सवय माझ्यापाशी आहे. सुलभा आठवीत होती, मी मुख्याध्यापिका. एका संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर तिने एकटीने टाकलेला गोळा मी खिडकीतून पाहिला. शाळेतल्या कुठल्याही मुलीपेक्षा लांब. खेळाच्या सरांनी तिचं नाव जिल्हा स्पर्धेच्या फॉर्मवर लिहिलं. त्या फॉर्मवर शारीरिक तंदुरुस्तीचा एक रकाना होता. तिथे काय लिहायचं? वरून कुणी विचारलं तर? माझे फॉर्म कधी परत आले नव्हते — केवढा तो अभिमान! मी व्हाइटनर घेतलं, तिच्या नावावर फिरवलं, फुंकर मारून वाळवलं आणि वर दुसऱ्या मुलीचं नाव घातलं. स्पर्धेच्या दिवशी सुलभाला म्हटलं, तू पट्टी धर. तिने धरली. दुसऱ्या मुलींचे गोळे पडतील तिथे धावत जाऊन, गुडघ्याखाली पट्टी दाबून, दिवसभर मापं घेतली.

पुढे ती दुसऱ्या कुणाकडे शिकली. मी काहीही केलं नाही. काही म्हणजे काही नाही.

पाच वर्षांपूर्वी ती भाषणाचा कागद घेऊन घरी आली. कंपनीला इंग्रजी हवं होतं. तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं — ‘बाईनं माहं नाव खोडलं अन् माह्या हातात पट्टी देली.’ तक्रार नव्हती, घडलं तसं लिहिलं होतं. तिला वाटलं असेल, बाई वाचतील, काहीतरी बोलतील. मी चहा केला. मग टेबलाशी बसून भाषांतर केलं — नाव खोडलं ते गाळलं, पट्टी ठेवली. इतकं सुबक वाक्य मी जन्मात लिहिलं नव्हतं. तिला इंग्रजी येत नव्हतं; तिने ते देवनागरीत उतरवून पाठ केलं. मी केलेला अन्याय तिच्याच तोंडून उपकार म्हणून वदवला. याला काय म्हणतात, सांगा बरं?

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत पुढचा भाग कापला आहे.

हुडकेश्वरची शाळा होती ती. भाषण संपल्यावर एक मुलगी उठली. पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर, गळ्यात शिट्टी. म्हणाली, “मॅडम, मले भाला फेकाचा हाय. सर म्हणते तू शिट्टीच वाजव. काहून?”

मुलं हसली. सुलभा हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माइक पुढे केला. “बाई, तुम्हीच सांगा तिले.”

एक वाक्य पुरलं असतं. ‘मीही हेच केलं होतं, आणि ते चूक होतं.’ ते सर तिथेच भिंतीला टेकून उभे होते. ऐकलं असतं त्यांनी. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हणाले, “बाळ, शिक्षकांना आपलं हित कळतं. धीर धर.”

टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली.

परतताना गाडीत सुलभा म्हणाली, “बाई, तुमच्या वाक्याचे टी-शर्ट निघाले. माह्या गोळ्याचा एक नाही निघाला.” मी हसण्याचा प्रयत्न केला. “मले इंग्रजी समजते आता, बाई. चार वर्षं झाली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलान म्हणून वाट पाहून राहिली होती. आज माइक बी देला.”

घर आलं. तिने दार उघडून धरलं, माझी शाल-श्रीफळाची पिशवी उचलून फाटकाशी ठेवली आणि गेली.

तो व्हिडिओ पुन्हा लावून बघा. माझ्या मागे तिसऱ्या रांगेत ती मुलगी दिसते, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसलेली. ती अजून उठायची आहे. तिचं नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी विचारलंच नाही.

— आजी