पेठेचं आवतण

कानिफनाथ बोलायला लागला की रस्त्यानं चाललेली माणसं थांबत. आवाज काही फार मोठा नव्हता, पण असा ठसठशीत की वाऱ्याच्या उलट बोलला तरी शब्द न् शब्द कळायचा. नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू भागातलं एक तालुक्याचं गाव, तिथं तो राहायचा. मढीच्या नाथाला नवस बोलून झालेला, म्हणून हे नाव. घरची जमीन थोरला भाऊ करायचा. ह्याला विशीतच तंबूतल्या सिनेमाच्या मालकानं उचललं. टांग्यात बॅटरी, टपावर कर्णा आणि हातात माईक घेऊन गावोगाव सिनेमा पुकारायचा, हे त्याचं काम. नटनट्यांची नावं तो अशी घ्यायचा की जणू त्या संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला येणार आहेत. ह्या आवाजावर त्यानं संसार चालवला, दोन पोरींची लग्नं केली.

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली. आदल्या वर्षीही तो बेतानंच आला होता. ज्वारी वीतभर वाढून करपली. सिनेमाला कोण येणार? तंबूवाल्यानं कनाती गुंडाळल्या आणि पाटाच्या पाण्याकडं, राहात्याच्या बाजूला निघून गेला. जाताना म्हणाला, "तिकडं तुझा आवाज कोण ओळखतं, कानिफा? तिकडचा पुकारणारा तिकडंच बघतो."

त्याची बायको मनकर्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. कानिफनाथही एक दिवस गेला. संध्याकाळी हाताला असे फोड आले की भाकरी मोडता येईना. दुसऱ्या दिवशी तो घरीच बसला, आणि मनकर्णा त्याची भाकरी झाकून ठेवून पदर खोचून निघून गेली. ती काही बोलली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

त्याच सुमाराला गावच्या जुन्या पेठेचं नशीब उघडलं होतं.

ही पेठ म्हणजे एके काळी सगळ्या तालुक्याची पेठ. कापड, भांडी, बांगड्या, किराणा, सगळं एका गल्लीत. पण नवा एस.टी. स्टँड गावाबाहेर झाला आणि गिऱ्हाईक तिकडंच उतरून तिकडंच खरेदी करून परत जाऊ लागलं. पेठेत दिवसाढवळ्या कुत्री झोपायची. शेवटी कापडवाले आप्पासाहेब पुढं झाले. त्यांनी दुकानदारांचं मंडळ काढलं, रस्त्यावर शहाबादी फरशी टाकली, पडकी जोती पाडून नवे गाळे बांधले, पत्र्याची सावली केली, ट्यूबलाइटी लावल्या. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे चौकात बोरिंग घेतलं. यंत्र दोन दिवस घरघरत होतं. तिसऱ्या दिवशी पांढरा चिखल उसळला आणि मागोमाग पाणी. सगळा गाव बघायला जमला होता. म्हाताऱ्यांनी त्या पाण्याला हात जोडले. त्यावर सिमेंटची टाकी बांधून चार नळ काढले आणि पाणपोईचा फलक लावला.

दिवाळीच्या तोंडावर आप्पासाहेबांनी कानिफनाथाला बोलावून घेतलं.

"कानिफनाथ, पेठ नवी झाली, पण लोकांना ते कळायला पाहिजे. तू सिनेमा पुकारतोस तशी आमची पेठ पुकार. टांगा बन्सीचा ठरवलाय."

"काय काय सांगू?"

"सगळं सांग. इथं का यायचं, हे लोकांच्या मनात भरलं पाहिजे."

बन्सी टांगेवाला त्याचा जुना सोबती. घोडं हाडांवर आलं होतं, पण चालत होतं. दुसऱ्याच दिवशी दोघं निघाले. कितीतरी महिन्यांनी माईक हातात आला आणि कानिफनाथाच्या अंगात वारं भरलं.

"ऐका हो ऐका! जुनी पेठ झाली नवी! पायाला माती लागणार न्हाई अशी फरशी! डोक्याला ऊन लागणार न्हाई अशी सावली! रात पडली तरी दिवसावानी उजेड! एकच भाव, एकच बोल! आयाबायांना बसायला बाकडी! बांगड्या भरा, फोटू काढा, आन् चौकात चार नळांचं गारेगार पानी प्या!"

गावोगाव माणसं गोळा झाली. पण पूर्वीसारखी हसली नाहीत. पोरं टांग्यामागं धावली नाहीत. फरशी, उजेड, बांगड्या, सगळं ऐकून घेऊन ती तशीच उभी राहायची. पाण्याचं नाव निघालं की मात्र एकमेकांकडं बघायची.

खडकवाडीला पोचले तेव्हा सगळ्या बायका विहिरीवर होत्या. विहीर कसली, तळाशी परातभर गढूळ पाणी. ते वाटीवाटीनं घागरीत भरणं चाललं होतं. त्यातली एक बाई कडेला आली. वयानं साठीची, वाळकी, पण नजर धारदार. तिचं नाव बायडाबाई.

"भाऊ, त्या नळाला खरंच पानी हाय?"

"हाय म्हंजे? धो धो हाय, मावशी."

"प्यायलाच देत्यात, का घागर आनली तर भरू देत्याल?"

कानिफनाथाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं. पण सगळ्या बायका हातातल्या वाट्या थांबवून त्याच्या तोंडाकडं बघत होत्या, आणि इतक्या आशेनं त्याच्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्यानं माईक तोंडाशी धरला.

"या! घागर आना, हंडा आना! पेठ तुमचीच हाय. कुनी अडवनार न्हाई!"

वाडीबाहेर पडल्यावर बन्सी म्हणाला, "आप्पासाहेबांनी असं सांगितलं हुतं का?"

"चार नळ हायत, बन्सी. किती संपंल?"

पुढच्या गावांतूनही तो तेच बोलला. बोलता बोलता ते त्याला खरंच वाटू लागलं.

सोमवारी बाजाराचा दिवस. सकाळपासूनच पेठ फुलली. आप्पासाहेब दुकानाच्या पायरीवर उभे राहून हसत होते. नव्या टोपीत ते नवरदेवासारखे दिसत होते. मग वाटांनी घागरी यायला लागल्या. डोक्यावर घागरी, काखेत कळशा, पुरुषांच्या कावडी, बैलगाडीत लोखंडी पिंपं. दुपारपर्यंत चौकापासून वेशीपर्यंत रांग लागली. घागरी दुकानांच्या दारात मांडल्या गेल्या. गिऱ्हाइकाला आत पाय ठेवायला जागा राहिली नाही. फरशीवर चिखल झाला. पिंपवाल्यांची आणि कळशीवाल्यांची भांडणं जुंपली.

टाकीतलं पाणी तळाला गेलं. मोटार चालू केली तर पाण्याबरोबर माती यायला लागली.

"बंद करा नळ!" आप्पासाहेब ओरडले. "बोरिंग बसलं तर आपल्याला तरी काय राहील?"

मंडळाच्या माणसांनी नळांना कुलपं घालायला सुरुवात केली. ते बघून मागची रांग एकदम पुढं लोटली. "आमी पहाटंपासून उभं हाओत," असं कुणी ओरडलं. चिखलात पाय सरकून बायका एकमेकींवर पडल्या. माणसं बाजूला झाली तेव्हा टाकीच्या कट्ट्याशी बायडाबाई बसली होती. उजवा हात मनगटातून वेडावाकडा झाला होता. रिकामी घागर तिनं डाव्या हातानं घट्ट धरली होती.

कानिफनाथ गर्दीतून तिच्यापर्यंत गेला. तिनं त्याला ओळखलं.

"तूच न्हवं का तो?" एवढंच ती म्हणाली.

बन्सीच्या टांग्यातून त्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात बांधला, पण ह्या वयात हाड नीट बसेल का सांगता येत नाही म्हणाले.  वाडीच्या वाटेवर ती म्हणाली, "आता खडीवर कोन घील मला?" तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते. घरी ती आणि दोन नातवंडं.

संध्याकाळी आप्पासाहेबांनी कानिफनाथाला बोलावलं. ते चिडलेले होते, पण थकलेलेही.

"घागरी आणा असं तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी न्हाई."

"मग? माझ्या पेठेतली पन्नास घरं त्याच बोरिंगवर जगताहेत. सगळ्या तालुक्याला मी कुठून पाणी देऊ? उद्या परत जा आणि सांग, पाणी फक्त प्यायला आणि खरेदीला येणाऱ्यांनाच. घागर घेऊन कुणी यायचं नाही."

"आप्पासाहेब, मीच या म्हनलो. आता मीच कसं..."

"मग दुसरं कोण सांगणार? तुझ्याच आवाजावर विश्वास ठेवून आली ना माणसं?"

 घरी आल्यावर त्यानं मनकर्णाला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकऱ्या थापत होती. ऐकून तिचे हात थांबले.

"खडकवाडीच्या बाया माझ्या शेजारीच खडी फोडत्यात," ती म्हणाली. "आज कामावर एकजनबी आली न्हवती. तुमच्या नळाला गेल्त्या सगळ्या. एक दिवसाची हजेरी बुडवून."

"मला काय ठाऊक असं हुईल?"

"ठाऊक न्हवतं तर बोलला कशापायी?" तिचा आवाज चढला नाही. "उद्या मला त्यांच्याजवळ बसायचं हाय. काय सांगू त्यांना? का माझा मानूस बोलतो ते खरं धरू नका?"

त्या रात्री कानिफनाथ जेवला नाही.

सकाळी टांगा निघाला. तीन गावांत त्यानं माईकवरून निरोप सांगितला. लोक ऐकून आत गेले. एक म्हातारा टांग्यासमोर थुंकला. खडकवाडी आली तेव्हा त्यानं बन्सीला टांगा वाडीबाहेर थांबवायला लावला आणि माईक न घेता पायी गेला. बायडाबाई ओट्यावर बसली होती. नातू तिला पाणी पाजत होता. भोवती दोन-चार शेजारणी.

"मावशी, नळ बंद झालाय. घागर भरू देनार न्हाईत. परवा मी बोललो ते खोटं हुतं. मला कुनी सांगितलं न्हवतं. मी माझ्या मनानं बोललो."

शेजारीण तडकली, "तुझ्या मनानं? आन् हिचा हात?"

बायडाबाईनं तिला गप्प केलं. 

"तू या म्हनलास तवा लई बरं वाटलं हुतं रं," ती म्हणाली. "आमाला कुनी या म्हनतच न्हाई."

शिव्या दिल्या असत्या तर कानिफनाथ त्या खाऊन परतला असता. हे मात्र त्याला सोसवेना. तो पुढच्या गावांना गेलाच नाही. टांगा उलटा फिरवून थेट आप्पासाहेबांच्या दुकानात गेला आणि गादीसमोर उभा राहिला.

"आप्पासाहेब, मानसी एक घागर. दुकानं उघडायच्या आत. पिंप न्हाई, गाडी न्हाई. रांग मी लावतो. भांडन झालं तर मला हाकला."

"बोरिंग आटलं तर?"

"आटंल तवा आटंल. पर पानी असताना कुलूप दिसलं तर मानसं पेठंचं नाव घ्यायची न्हाईत. पाऊस पडल्यावरबी यायची न्हाईत. ध्यानात ठेवत्यात मानसं."

 आप्पासाहेब धंद्याचे माणूस होते, आणि ही गोष्ट त्यांना पटली. शिवाय त्या बाईचा हात त्यांनीही पाहिला होता. "एकच नळ," ते शेवटी म्हणाले. "आणि जबाबदारी तुझी."

त्या दिवसापासून कानिफनाथ उजाडायच्या आत चौकात उभा राहू लागला. ओळखीच्यांनी दोन घागरी मागितल्या, त्यांना नाही म्हणाला. सख्ख्या भावालाही नाही म्हणाला. त्यावरून भावानं बोलणं टाकलं. रांग लागली की तो मऊ आवाजात एकेकीला पुढं बोलवायचा. पाणी भरलेल्यांतल्या काही बायका दुकानं उघडेपर्यंत थांबायच्या, चिमूटभर हळद, मीठ, काडेपेटी घ्यायच्या. पेठेचा धंदा तेवढाच. बायडाबाईची घागर तो स्वतः भरायचा आणि बन्सीच्या टांग्यातून पाठवायचा. मग बन्सीचं घोडं मेलं. त्यानंतर तिचा नातू कळशी घेऊन येऊ लागला.

चैत्रात बोरिंग आटलं. मोटार नुसती हवा ओढायला लागली. त्या दिवशी रांगेतल्या कुणी भांडण केलं नाही. रिकाम्या घागरी उचलून बाया निघून गेल्या. पेठ पुन्हा सुनी झाली. संध्याकाळी ट्यूबलाइटी लागायच्या आणि खाली कुणी नसायचं. दोन दुकानदार गाळे सोडून पाटाच्या पाण्याच्या भागात, सोनईला गेले.

कानिफनाथ खडीवर जाऊ लागला. हाताला पुन्हा फोड आले, फुटले, घट्टे पडले. खडकवाडीच्या बाया त्याच्याशी फार बोलत नसत. पण कामावर मजुरांना खायला सरकारी सुकडी वाटली जायची तेव्हा त्याला रांगेत जागा करून देत. मनकर्णा शेजारी बसून हातोडा चालवायची.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. वर्षभरात पेठ हळूहळू सावरली. बोरिंगला पाणी आलं, आणि दिवाळीला आप्पासाहेबांनी पुन्हा माईक पुढं केला. कानिफनाथ लगेच हो म्हणाला नाही. चार दिवसांनी गेला, कारण पोट होतं. पुढं बरीच वर्षं त्यानं पेठ पुकारली. लोक म्हणत, आवाज तोच आहे, पण पूर्वीची मजा नाही.

बायडाबाईचा हात वाकडाच राहिला. डाव्या हातानं ती भाकरी थापायला शिकली. सोमवारी ती पेठेत यायची, बाकड्यावर टेकायची, आणि कानिफनाथ दिसला की मान हलवायची. त्यानं तिची क्षमा कधी मागितली नाही, आणि तिनं क्षमा केली की नाही हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.