डिझेलचं इंजिन का फटफटीचं
ये गं, अशी जवळ येऊन बस. आल्यापासून खिडकीतच उभी हायस, आजीशी दोन शब्द बोलावं वाटत न्हाई व्हय? शेजारच्या ट्रॅक्टरच्या धुराचा वास आला आन मला तुझ्या बापाची ती बुटकी, दोन शिटांची गाडी आठवली. कॉलेज संपल्यावर पुण्याहून जुनी घेऊन आला होता. इंजिन शिटांच्या मागं, आन अंगानं इतकी हलकी की चौघांनी उचलून बाजूला ठेवावी. महिन्याभरात इंजिन जाम झालं. तुझा बाप म्हणे, फटफटीचं बसवू, हलकं असते. तुझे आजोबा म्हणाले, "त्याला रिव्हर्स न्हाई. जवळा बाजार गावच्या गल्लीत बैलगाडी आडवी आली तर उतरून ढकलशील का? जीपचं डिझेल घाल." तुझा बाप म्हणाला, "मागं एवढं वजन टाकलं तर गाडी उलाळंल, बाबा." बैलगाडीत मागं माल जास्त झाला की जू वर उठते ना, तसं. पण आजोबा ऐकतात कुठं. डिझेल बसवलं, आन पहिल्याच वळणाला पुढची चाकं वळली, पण जमिनीला टेकतात कुठं, गाडी सरळ तुरीत गेली. लागलं कुणाला न्हाई. आजोबांनी पुढं वजन यावं म्हणून सोयाबीनचं पोतं आणून पुढच्या डिक्कीत ठेवलं. तुझा बाप पोत्याकडं बघत "राहू द्या" म्हणाला, आन थोड्याच दिवसांत गाडी इथंच टाकून नोकरीला निघून गेला. मग आजोबांनी डिझेल काढून फटफटीचं इंजिन बसवलं, पण लेकाला कधी कळवलं न्हाई. दोघांच्या मधात बोलून बोलून मी थकले, माय. आता हे तूच सांग त्याला, आन सणाची वाट न बघता त्याला घेऊन लवकर ये.