कारवीच्या चार काठ्या

ओल्या घोंगडीच्या वासाला सुवास म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही. पण शेगडीवर उपड्या घातलेल्या टोपलीवर दुपटी वाळत आहेत, खिडकीच्या काचेवर भाद्रपदातलं धुकं चिकटून बसलं आहे आणि धूर, ओल आणि निरसं दूध यांचा मिळून एक जडसर गंध दारातून आत येतो आहे, अशी लोणावळ्याची एखादी सकाळ आठवली की आजही माझं मन पातेलं घेऊन दाराकडे धावतं, कारण तो गंध म्हणजे खंडूआबा.

खंडूआबा आमचे दूधवाले. कुरवंड्याहून कावडीला दोन किटल्या लावून ते उजाडता उजाडता रेल्वेच्या आमच्या क्वार्टर्सपाशी येत. दूध मापून घालायला त्यांना अर्धं मिनिट लागे आणि चौकशांना पाव तास. चौकशी माझी नसे, आमच्या ह्यांची तर नसेच. ती असे शालूची. काल मान किती वेळ धरली, पुण्याच्या डॉक्टरानं नवीन काय सांगितलं, पाठीला आधार द्यायचा तो खालून की बगलेतून, तेल कोमट की गरम. एकदा तर 'दावा बरं कसं धरायचं ते' म्हणाले, तेव्हा मी उशी घेऊन दाखवलं आणि आबांनी दुधाचं माप खाली ठेवून, दोन्ही हात पुढे करून, समोरच्या हवेलाच अलगद उचलून पाहिलं. मी आत येऊन ह्यांना म्हटलं, या माणसाला दुसरा उद्योग नाही. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता 'हूं' केलं.

शालू तेव्हा चार वर्षांची होती. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला आणि त्या उशिराची भरपाई पुढे कधी झाली नाही. मान ठरत नव्हती, पाठ बसू देत नव्हती. हसणं मात्र भरपूर होतं आणि तेही भलत्या वेळी. मेल गेली की ती खुदकन हसे, मालगाडीला झोपी जाई आणि हे गंभीर आवाजात देशाची परिस्थिती वाचू लागले की हसून हसून तिला उचकी लागे. अशा मुलीची कीव करणं अवघड असतं, पण तिची काळजी मात्र मला आतून पोखरत होती. आडवी झोपवून भरवलेला घास छातीकडे वळे. लोणावळ्याचा पावसाळा चार महिन्यांचा, आणि त्या चार महिन्यांत शालूची छाती किमान तीनदा भरे. पुण्याच्या इस्पितळातल्या वृद्ध डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "हिला बसवा. बसून जेवली तरच ही मुलगी आणखी पावसाळे काढील."

बसवा, हे सांगायला सोपं. त्या एका शब्दासाठी मी पुणं पालथं घातलं आणि मुंबईलाही दोन खेपा केल्या. अंधांसाठी एक संस्था होती, तिथल्या कारकुनानं शालूच्या डोळ्यांसमोर पेन्सिल हलवली, शालूनं ती नजरेनं अचूक टिपली आणि आमची केस तिथेच संपली. मूकबधिरांच्या शाळेत घंटा वाजवून पाहिली, शालू घंटेला हसली. पोलिओच्या मुलांसाठी कुबड्या मिळत, पण त्यासाठी मूल उभं तरी राहायला हवं. प्रत्येक ठिकाणचे लोक भले होते, चहा विचारत, आणि फॉर्मवर आमच्यासाठी रकाना नाही हे सांगताना त्यांनाच अपराध्यासारखं होई. एक गृहस्थ तर हळहळून म्हणाले, "थोडं तरी कमी दिसत असतं, तर काहीतरी करता आलं असतं." मी मुलीला डोळ्यांनी नीट दिसतं म्हणून जवळजवळ ओशाळले. शेजारणींकडे रकान्यांची अडचण नव्हती. अंगारा, वेखंड, काळ्या कोंबडीचं अंडं आणि वाईजवळचा एक वैद्य एवढं सगळं मला एकाच हळदीकुंकवात मिळालं होतं.

शेवटी डॉक्टरांनीच औषधाच्या चिठ्ठीमागे एका खुर्चीचं चित्र काढून दिलं. उंच पाठ, दोन्ही कडांना फळ्या, पुढे पाट, मध्ये पट्टा. खुर्ची मुलीच्या अंगाबरोबर घट्ट हवी, हे त्यांनी दोनदा बजावलं. बंगल्यांची कामं करणाऱ्या गावातल्या सुतारानं ते चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि दिवाळीनंतर बघू म्हणाला. दिवाळीपर्यंत वाट पाहायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी हे सगळं आबांना सांगितलं, म्हणजे त्यांनी ते काढून घेतलं. बेडशाला त्यांची लेक दिली होती आणि तिथला सुतार मोठा हुशार होता. नांगर, जू, पाळणा, पांगुळगाडा, काय म्हणाल ते.

"पन कागद नगं," आबा म्हणाले. "कागद त्याला उमगत न्हाई. काठ्या द्या मापाच्या."

मावळात तशी रीतच होती. कारवीची काठी हव्या त्या मापाला तोडायची आणि सुताराकडे पाठवून द्यायची. फूटपट्टीचा प्रश्न नाही. मी चार काठ्या तोडल्या. बैठकीची उंची, खोली, पाठ आणि रुंदी. ओळखायला तांबडा, हिरवा आणि पिवळा दोरा बांधला. चौथ्या काठीच्या वेळी दोरे संपले म्हणून तिला मधोमध विळीनं एक सुबक खाच पाडली. कुठली काठी कशाची, हे आबांकडून तीनदा वदवून घेतलं. माझ्या व्यवस्थितपणाचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, हे इथे नमूद करते.

तीन आठवडे गेले. त्यात शालूला एकदा खोकला झाला आणि दोन रात्री मी तिला खांद्यावरून खाली ठेवलं नाही. मग एका दुपारी, पाऊस थोडा उघडून डोंगरांवर ते पिवळट, ओलसर ऊन पडलं असताना, पॅसेंजरच्या ब्रेकव्हॅनमधून खुर्ची उतरली. एका बाजूनं सुतार, दुसऱ्या बाजूनं आबा आणि मागून अर्धी क्वार्टर्स. खुर्ची दारापाशी आली आणि थांबली, कारण ती दारातून आत जाईना. तिरकी केली, आडवी केली, एका पॉइंट्समननं रेल्वेच्या अनुभवावर आधारित सूचना केल्या, तेव्हा कुठे ती घरात आली. सागवानाचं काम नितळ होतं, कोपरे हाताला लागू नयेत असे गोल केलेले होते आणि बैठक बरोबर दुप्पट रुंद होती.

सुतारानं परत आणलेली रुंदीची काठी मी लावून दाखवली. सुतारानं शांतपणे माझ्याच काठीवरच्या खाचेवर बोट ठेवलं.

"खाच हाय न्हवं? खाच म्हंजी जोडी. मानूस एकाच बैलाचं माप आनतो, जू दोगांचं करायचं असतंय."

"ही माझी मुलगी आहे, बैल नाही," मी म्हणाले.

"पोरीची खुर्ची ते आबांनी सांगितलं. म्या म्हनलं, जुळ्या असत्याल."

मागे कुणीतरी हसलं. मी शालूला आणून बसवलं, पट्टा आवळला, रिकाम्या बाजूला उशा कोंबल्या. पण उशा दबल्या आणि माझी मुलगी हळूहळू त्या मोकळ्या जागेत कलंडली. सगळ्यांसमोर मला रडू कोसळलं. त्यात खुर्चीचं दुःख थोडं होतं. चार वर्षं हिंडून हाती काय लागलं तर हे, असं वाटून ते आलं. सुतार बिचारा पिशवीतून करवत काढू लागला. आबा मात्र त्या रिकाम्या अर्ध्या खुर्चीकडे कितीतरी वेळ बघत उभे होते.

"आज कापू नगा," ते म्हणाले. "उद्याच्या दिस ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी आबांची कावड निराळी दिसली. दोन्ही किटल्या एकाच बाजूला होत्या आणि दुसऱ्या बाजूला पाटी. पाटीत घोंगडी, आणि घोंगडीत शालूएवढीच एक मुलगी, मान एका अंगाला टाकून, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती.

"ही तानी," आबा म्हणाले. "लेकीची. बेडशाला सासरचं ठिवून घेईनात, म्हनून मी हिकडं आनली. शालूवानीच हाय."

"कधी आणलीत?"

"झाली की दोन वरसं."

दोन वर्षं, म्हणजे जवळजवळ सातशे सकाळी, तो माणूस माझ्या दारात उभा होता. मग सांगितलं का नाही, मी विचारलं.

"काय सांगायचं, बाई? तुमी सांगायच्या ते मी घरी जाऊन करायचो. मान, पाठ, समदं. तुमचा डाक्टर चांगला हाय. त्येवडं कॉडलिव्हर का काय ते आमाला मिळालं न्हाई, बाकी समदं केलं."

तानीला मी स्वतः उचललं. पाठीला आधार बगलेतून, जसा उशीला दिला होता तसा. दोघींना शेजारी शेजारी बसवून एकच पट्टा बांधला आणि दोघी एकदम पुढे येतील म्हणून आम्ही दोघं हात पसरून उभे राहिलो. त्या आल्या नाहीत. शालू कलंडली ती तानीच्या खांद्यावर, तानी कलंडली ती शालूच्या डोक्यावर, आणि तिथे त्या एकमेकींना टेकून ठरल्या. तानीनं शालूची वेणी मुठीत घट्ट धरली. शालूला याचा राग यायला हवा होता, ती हसत सुटली. मी गुरगुट्या भात आणला. पहिला घास शालूनं गिळला, दुसरा गिळला, तिसरा तानीनं मध्येच पळवला. खोकला आला नाही. एक वाटी भात संपेपर्यंत मी श्वास धरून होते, आणि भात दोघींच्या पोटात जितका गेला तितकाच पाटावर सांडला होता.

खुर्चीला करवत लागली नाही. पुढे डॉक्टरांनी ती पाहिली तेव्हा घट्टपणाविषयी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, दोघींकडे पाहिलं आणि पुढच्या खेपेला दोघींना घेऊन या म्हणाले.

ते नंतरचं. त्या दिवशी दुपारभर मात्र मी त्या खुर्चीसमोर बसून होते. ज्या ज्या टेबलापुढे मी उभी राहिले होते ती सगळी टेबलं मला आठवत होती, आणि मला समजून घेईल असं माणूस जगात कुणी नाही हे मी प्रत्येक टेबलापुढून किती खात्रीनं घरी घेऊन आले होते तेही. लाज वाटली, तिला दुसरं नाव नाही. पण लाजेबरोबर एक हलकेपणाही होता, आणि त्याचं काय करावं हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कावडीची करकर ऐकू आली तशी मी पातेलं न घेताच बाहेर गेले आणि आबांनी तोंड उघडायच्या आत विचारलं, "तानी रात्री नीट झोपली का?"

आबा माप हातात धरून तसेच थांबले. सवय नसावी. मग म्हणाले, "झोपली की." मग म्हणाले, "म्हंजी, आधी न्हाई झोपली." आणि किटलीचं झाकण पुन्हा लावून, घोंगडी सावरून ते पायरीवर बसले आणि सांगू लागले. त्या दिवशी वलवणपर्यंतच्या सगळ्या घरांना सकाळचा चहा फार उशिरा मिळाला.