दर्ज्याच्या दारातलं बाक

दापोलीचा हाशिर मुकादम रियाधच्या बत्हा बाजारात दर्जीकाम करतो. गल्लीतल्या दुकानदारांनी वर्गणी काढून मंडळ केलं, दिवे लावले आणि हाशिरच्या दारात छपराखाली बाक बसवलं.

“वर्गणी सगळ्यांची नि बाक माझ्याच दारात? यात पाणी मुरतंय. माझी जागा लाटायचा बेत आहे,” तो फोनवर बायकोला म्हणाला.

शुक्रवारी नमाज पढून परतताना त्याला बाकावर अनोळखी माणसं दिसली. मंडळानंच पाठवलेली असणार, म्हणून तो मागच्या बोळातून आत शिरला आणि शटर न उघडता श्वास रोखून बसला.

बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला, “मुकादम आज उघडत नाय. चला, पँटी समोरच्या दर्ज्याकडं देऊ.”

हाशिरनं कपाळावर हात मारला. म्हणजे बाक समोरच्यानंच बसवून घेतलं होतं तर.