इंदूमामीच्या नावाची बुरशी

हसू नका असं सांगून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. निदान चहाचा कप तेवढा खाली ठेवा!

मी महाडची. जमिनीतल्या बुरशीवर संशोधन करते. पोलादपूरच्या वर कुडपणला माझी इंदूमामी नाचणी पिकवते. तिच्या शेतातली माती घेऊन मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत गेले. तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात केसाहून कितीतरी बारीक तंतू दोरखंडासारखा दिसतो. त्यासाठी मातीचा कण धातूच्या छोट्या चकतीवर चिकटवायचा. चकती स्वच्छ हवी. मी पुसली की हो, अगदी लख्ख!

आणि पडद्यावर काय दिसावं? पीळ पडलेली, चपटी, रुंद फीत! बुरशीचा असला तंतू मी जन्मात पाहिला नव्हता. नवी जात! आधी प्रयोगशाळेतल्या मॅडमना दाखवायचं? छे, धीर कुणाला! बाहेर आले ती थेट मामीला फोन.

"मामी, तुझ्या शेतात नवी बुरशी सापडली! तिला तुझं नाव देणार!"

"बुरशीला? माझं नाव?" मामी दचकली. "चांगली हाय ना गो ती?"

"अगं, जगात कुणी पाहिली नसेल अशी!"

झालं! मामीनं गावभर केलं. सरपंचांनी रविवारी शाळेत माझा सत्कार ठेवला.

शनिवारी मॅडमनी फोटो पाहिला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"चकती कशानं पुसलीस?"

"ओढणीनं."

"मग हा तुझ्या सुती ओढणीचा धागा आहे."

मामीला फोन लावत राहिले, पण लागेल तर शपथ! रविवारी पोचले तर दारात रांगोळी, टेबलावर हार, आणि पुढच्याच खुर्चीत ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली मामी. आता कुठल्या तोंडानं सांगू? सरपंचांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, माईक हातात दिला.

"ती... बुरशी नव्हती," मी पुटपुटले. "माझ्या ओढणीचा धागा होता."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि अख्खी शाळा खदखदली.

मामी ताडकन उठली. म्हटलं, आता माझं काही खरं नाही! पण ती वळली लोकांकडे.

"दात काय काढताय रे? येवढा बारीक धागा तुमच्यातल्या कुनाला तरी दिसला आसता काय?"

लोक खुर्च्यांवरून पडायचेच बाकी राहिले. आणि मी? सत्काराची शाल डोक्यावरून ओढून घेतली, ती एसटी पोलादपूरला लागल्यावरच काढली.