फक्त गोव्यात विक्रीसाठी

"हद्द सरली की दर फिरला, ताई!"

लांबच्या फेरीहून परतले की भाऊ आधी हे वाक्य म्हणायचे आणि मगच गाडीची किल्ली माझ्या काउंटरवर ठेवायचे. मी तेव्हा लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला होते आणि भाऊ हॉटेलची गाडी चालवत. राहायला कुरवंड्याला. साठीला टेकलेले, अंगात कायम पांढरा सदरा, केसांना तेल जरा जास्तच. आमच्या शेठनी गोव्यात एक छोटं गेस्ट हाऊस चालवायला घेतलं होतं, त्यामुळे भाऊंची तिकडे सारखी ये-जा असे. आले की परराज्यातल्या दरांचं पुराण सुरू.

"गोव्यात दारू सस्ती, कर्नाटकात डिझेल सस्तं. आपल्याकडं काय सस्तं, सांगा?"

"काय?"

"निस्ती हवा. ती बी शनवार-रविवारी न्हाई."

करांबद्दल त्यांचं एक स्वतःचं शास्त्र होतं. प्रत्येक राज्य म्हणजे एक खाष्ट सासू, असं ते पाहुण्यांना समजावत. एकीचा डोळा दारूवर, दुसरीचा डिझेलवर. मग जीएसटी कशाला आणला, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "त्यो चिक्कीला. दारू आन् डिझेल सासवांनी आपल्या कनवटीला ठिवलंय."

या शास्त्रापायी एकदा त्यांची चांगली फजिती झाली होती. गोव्याला जाताना वाटेत लागणाऱ्या कर्नाटकात शिरल्यावरच टाकी भरायची, शेठचे चार पैसे वाचवायचे, म्हणून वाटेतले सगळे पंप सोडत गेले आणि हद्द दिसायच्या आत गाडी बंद पडली. मागे बसलेल्या नव्या जोडप्याला उतरून धक्का मारावा लागला. नवरी शालू सावरत गाडी ढकलत होती, हे भाऊ स्वतःच हसत हसत सांगायचे. शेठ मात्र कौतुकानं म्हणायचे, "माझ्या पैशाची काळजी माझ्यापेक्षा भाऊंना जास्त."

पण एका बाबतीत भाऊ कडक होते. गोव्याहून परतताना पाहुण्यांनी बॅगेत बाटल्या लपवल्या असतील तर ते गाडी सुरूच करत नसत. "डिझेल टाकीतनं आनता येतं सायेब, बाटली डिकीतनं न्हाई. तितला कर तितं भरलाय, हितला बुडतोय. पकडलं तर तुमी सुटाल, मी अडकंल." पाहुणे चिडायचे, शेठना फोन लावायचे. शेठ भाऊंचीच बाजू घ्यायचे. निदान तेव्हा तरी घ्यायचे.

शेठ म्हणजे धाकटे शेठ. थोरले गेल्यावर हॉटेल त्यांच्याकडे आलं. ते लहान असताना भाऊच त्यांना शाळेत सोडायचे. पावसात खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचे, डबा विसरला तर परत घरी जाऊन आणून द्यायचे. आम्हा नोकरांसमोर सुद्धा शेठ त्यांना "अहो भाऊ" म्हणत. भाऊ त्यांना तोंडावर शेठ म्हणत आणि पाठीमागे "आमचं पोर". तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याला मालकाच्या घरातलं आपलं स्थान कधी तपासून बघावंसं वाटलेलं नसतं.

त्या दिवाळीच्या आधी शेठ माझ्या काउंटरपाशी उभे होते. भाऊ गोव्याला निघालेले. शेठ म्हणाले, "भाऊ, येताना गेस्ट हाऊसमधून कोकम सरबताची खोकी घेऊन या. दिवाळीला पाहुण्यांना भेट द्यायची आहे. काचेच्या बाटल्या आहेत, जपून आणा."

"आनतो की," भाऊ म्हणाले. एवढंच बोलणं. मी ऐकलं, विसरूनही गेले.

परतीच्या वाटेवर, वडगाव मागे टाकून लोणावळा जवळ आल्यावर, जुन्या हायवेला सकाळी एक्साइजवाल्यांनी गाडी अडवली. पुढचं सगळं मला भाऊंनी नंतर सांगितलं.

त्यांनी स्वतःच उतरून डिकी उघडून दिली. "सरबत हाय सायेब. हळू, काच हाय." साहेबानं एक खोकं फोडलं. आत व्हिस्की. दुसऱ्यात तीच. तिसऱ्यातही. साहेबानं बाटली भाऊंच्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाला, "वाचता येतं ना? फक्त गोव्यात विक्रीसाठी. आणि गोधडीत गुंडाळून काय आणलंय! लेकरू आणावं तसं!"

गोधडी भाऊंची होती. गाडीत झोपायची वेळ आली तर लागेल म्हणून बायकोनं दिलेली.

साहेब म्हणाला, "मालकाचं नाव सांग, तुला सोपं जाईल." माल शेठचा, असं भाऊ म्हणाले नाहीत. उलट त्यांना वाटलं, खोकी देणाऱ्या गेस्ट हाऊसच्या माणसानं शेठना फसवलं असणार. "शेटना फोन लावा, ते सांगत्याल," म्हणाले. साहेबानं फोन लावला, स्पीकरवर टाकला.

गाडी तुमची का, असं साहेबानं विचारलं. शेठ म्हणाले, गाडी माझीच.

"आणि माल?"

"माल कसला? मला काहीच कल्पना नाही साहेब. नोकर माणूस आहे, गोव्याला जातो येतो. मधल्या मधे काय धंदे करतो ते आपल्याला कसं कळणार? तुम्ही कायद्याप्रमाणे काय ते करा."

भाऊ मला म्हणाले, "मला वाटलं, कुन्या दुसऱ्याबद्दल बोलत्यात. म्हनून मी फोनजवळ तोंड नेलं आन् म्हनलं, शेट, मी हाय, भाऊ." मग म्हणाले, "तर फोन ठिवला."

भाऊंना अटक झाली, जावयानं जामीन दिला. हॉटेलात शेठनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं की भाऊ बरेच दिवस हा उद्योग करत होते आणि आपल्याला आत्ता कळलं. बोलताना ते आमच्याकडे न बघता हातातला मोबाइल फिरवत होते. स्वयंपाकघरातले मावशी आणि महाराज खाली मान घालून उभे होते. मी शेठना कोकम सरबताची आठवण करून दिली. शेठ म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय." पुढे एक्साइजच्या साहेबासमोर मी जे ऐकलं ते जबाबात सांगितलं आणि शेठनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून कळवलं.

मी भाऊंना भेटायला कुरवंड्याला गेले. ते पडवीत बसले होते. चहा पिऊन होतोय तोवर दारात गाडी थांबली आणि शेठची आई उतरली. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. वयानं वाकलेल्या, हातात साडीचं पुडकं. भाऊंच्या बायकोला साडी दिली आणि त्या भाऊंसमोर बसल्या.

"मी तुला कधी परका मानलं का रे, भाऊ?"

"न्हाई, बाई."

"तू माझा दुसरा मुलगाच. त्याच्या हॉटेलचं लायसन जाईल. लोकांत नाचक्की होईल. तू एकदा म्हण, माल माझा होता. वकील आम्ही देऊ. तुझ्या घराकडे मी बघेन."

भाऊंनी हातातला कप खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, पयल्याला राखायला दुसऱ्याला आत घालताय व्हय?"

मोठ्या बाई रडायला लागल्या. भाऊंनी बायकोला पाणी आणायला सांगितलं. मग हाताला धरून त्यांना गाडीपर्यंत नेलं, दार उघडलं. "पाय जपून," म्हणाले. गाडी निघता निघता भाऊंची बायको धावत गेली आणि ते पुडकं खिडकीतून आत टाकून आली.

मी विचारलं, "भाऊ, तुरुंगाची भीती वाटते का?"

"जेलचं काय न्हाई वाटत, ताई. पर आंबोलीचा सगळा घाट मी दुसऱ्या गिअरात चढलो. म्हनलं, पोरानं सांगितलंय, येक बाटली फुटता कामा न्हाई." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

भाऊंनी कोर्टात खरं तेच सांगितलं. शेठवरही गुन्हा दाखल झाला. तारखा पडत राहिल्या, अजूनही पडतात. ड्रायव्हिंगचा परवाना गेल्यामुळे, आणि मनही उडाल्यामुळे, भाऊ गाडी चालवत नाहीत. बेडश्याला लेकीकडे राहतात, जावयाच्या भातखाचरात जमेल ते करतात. राज्याराज्यांतल्या दरांबद्दल मी त्यांच्या तोंडून पुन्हा एक शब्द ऐकला नाही. मीच एकदा मुद्दाम डिझेलचा विषय काढला, तर म्हणाले, "आसंल."

मागच्या तारखेला मी साक्षीदार म्हणून वडगावच्या कोर्टात गेले होते. बाहेर व्हरांड्यात एका टोकाला शेठ आणि त्यांचे वकील, दुसऱ्या टोकाला भाऊ. एवढ्याशा जागेत दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. पुढची तारीख पडली. आम्ही बाहेर आलो.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना मोटारसायकली. शेठची नवी गाडी मागे घ्यायची होती आणि नवा ड्रायव्हर गोंधळला होता. शेठ मागच्या सीटवर बसून होते. भाऊ माझ्याशी बोलता बोलता थांबले. त्यांचा हात आपोआप वर गेला, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं..." गाडी त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर सरकायला लागली. काळ्या काचेआड शेठचा चेहरा वळलेला मला दिसला.

भाऊंचं लक्ष तेव्हा आपल्याच हाताकडे गेलं. त्यांनी तो खाली घेतला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि "चला ताई, एसटी जाईल" म्हणत चालायला लागले.

मागे कुठल्याशा भिंतीला पत्रा खरवडल्याचा मोठा आवाज झाला. मी वळून पाहिलं. भाऊंनी पाहिलं नाही.